दोरावर बसायला शिकताना

"बस!"

खालून तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी ओकच्या आडव्या फांदीवर पाय रोवून, डाव्या हाताने वरची फांदी धरून उभी होते. जमिनीपासून सातेक मीटर. कमरेच्या हार्नेसला, म्हणजे चढताना घालायच्या पट्ट्यांना, दोर होता, पण सैल. तोल उत्तम होता, हाताची पकड पक्की होती, आणि आमचे प्रशिक्षक मला कशावर बसायला सांगताहेत तेच कळत नव्हतं.

ते दोरावर बसायला सांगत होते. ही एक गोष्ट अंगात उतरायला मला पाच दिवसांतले साडेतीन लागले.

मी नाशिकची. कॉलेजपासून बारा वर्षं सह्याद्रीत प्रस्तरारोहण केलं. तैलबैला, लिंगाणा, वानरलिंगी, अंजनेरीजवळचे नवरा-नवरी. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडच्या पश्चिमेला, ग्लॉस्टरशायरमध्ये राहायला आलो आणि वर्षभराने मी झाडांची निगा राखणाऱ्या एका छोट्या कंपनीत जमिनीवरची कामगार म्हणून लागले. पडलेल्या फांद्या ओढायच्या, त्यांचा चुरा करणाऱ्या चिपरमध्ये घालायच्या, वर चढलेल्याचा दोर मोकळा ठेवायचा. वर बघून बघून मान दुखायची आणि मन तिथेच अडकायचं. शेवटी मालक म्हणाले, "जा, चढायचं शिकून ये."

इथे या कामाच्या परीक्षा टप्प्याटप्प्याने होतात. आधी जमिनीवर चेनसॉ, म्हणजे यंत्राची करवत, सांभाळण्याची. मग दोरावर चढणं आणि वर अडकलेल्या माणसाला खाली आणणं, ही एकत्रच. ती झाली की दोरावर लटकून चेनसॉ चालवण्याची. मधल्या परीक्षेचा अधिकृत नाव कितीही बदलला तरी लोक तिला अजून जुन्या क्रमांकाने 'सीएस ३८' म्हणतात. पाच दिवसांचं प्रशिक्षण, सहाव्या दिवशी बाहेरचा परीक्षक. मी फेब्रुवारीत गेले. ओक आणि बीच पूर्ण निष्पर्ण, पक्ष्यांची घरटी बांधायची सुरू व्हायची होती, आणि सकाळी दोर हातात घेतला की बोटं बधिर.

पहिल्या दिवशी सगळं सामान ताडपत्रीवर मांडलेलं होतं. यातलं अर्धं आपल्याला येतंच, अशा समजात मी होते. फरक कुठे आहे ते प्रत्येक वस्तू हातात घेतल्यावर कळत गेलं.

दोराचंच बघा. कड्यावर आपण डायनॅमिक रोप वापरतो. पडणाऱ्याला झटका बसू नये म्हणून तो मुद्दाम ताणला जाईल असा विणलेला असतो. ३० मीटर सोडलेल्या अशा रोपवर ८० किलोचा माणूस नुसता लटकला तरी तो दोन-अडीच मीटर लांबतो. झाडावर असा दोर घेतला तर चढताना तुम्ही बराच वेळ जागच्या जागी झोके खाल, आणि करवत चालवताना शरीर स्थिर राहणार नाही. म्हणून इथला दोर जवळजवळ न ताणणारा. युरोपीय मानकाप्रमाणे ही वाढ पाच टक्क्यांच्या आत हवी. जाडी ११ ते १३ मिलिमीटर, टोकाला गाठीऐवजी विणून शिवलेला डोळा, म्हणजे पक्का फासा. पण जो दोर ताणत नाही तो पडणाऱ्याला झेलतही नाही. सैल दोरावर अर्धा-एक मीटर पडलात तर सगळा झटका कंबर आणि पाठ घेते. प्रशिक्षक 'बस' का म्हणत होते त्याचं उत्तर दोराच्या विणीतच होतं. दोर कायम वरून ताठ हवा, आणि तुम्ही कायम नांगराच्या, म्हणजे दोर वर जिथे अडकवलाय त्या अँकरच्या, खाली.

कड्यावर याच्या नेमकं उलट होतं. तिथे चढायचं ते हातापायांनी आणि दोर फक्त पडलोच तर. दोरावर भार टाकला की ती चढाई खरी धरली जायची नाही. लीड करताना, म्हणजे सर्वांत पुढे चढताना, खालच्याला "टाइट" म्हणून ओरडणं मला कमीपणाचं वाटायचं. बारा वर्षं मुरलेली ही भावना मेंदूला सांगून जात नाही, ती पायांत असते. फांदी दिसली की पाय तिच्यावर उभे राहायचे, हात वरचं काहीतरी पकडायचे, आणि दोर ढिला पडायचा.

कॅराबिनर, म्हणजे दोर आणि हार्नेस जोडणाऱ्या कड्या, त्याही वेगळ्या. आपण स्क्रू फिरवून बंद होणारा वापरतो. झाडात त्याचा स्क्रू फांद्यांवर, सालीवर घासून हळूहळू उघडतो, तुम्हाला कळतही नाही. म्हणून इथे तीन हालचालींशिवाय न उघडणारा लागतो: वर सरकव, फिरव, मग आत दाब. सोडलात की आपोआप बंद. हार्नेसला पुढे शिवलेल्या जाड पट्टीच्या जागी दोराचाच छोटा पूल असतो, त्यावर एक कडी इकडून तिकडे सरकते. फांदीवर वाकडं व्हावं लागलं तरी भार कमरेच्या दोन्ही बाजूंना वाटला जातो. कमरेच्या कड्यांना लॅनयार्ड, म्हणजे बुंध्याभोवती टाकायचा आखूड दोर. हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी कधीही सोडायची नाही. चेनसॉसाठीच्या पँटमध्ये लांब धाग्यांचे थर असतात, साखळी लागली की ते ओढले जाऊन चक्रात अडकतात आणि साखळी थांबते. जमिनीवरच्या कामगाराच्या पँटमध्ये हे थर बहुधा पुढच्याच बाजूला असतात, चढणाऱ्याच्या पँटमध्ये पायाला सगळीकडून, कारण वर करवत कुठल्या कोनातून येईल ते सांगता येत नाही.

आणि वही. प्रत्येक वस्तूवर क्रमांक, प्रत्येकीची नोंद. माणसाचा भार घेणारं सगळं सामान दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावं लागतं, १९९८ च्या नियमांनुसार. आमच्या गिर्यारोहणाच्या ग्रुपमध्ये एक रोप कितीतरी मोसम चालायचा आणि तो कधी घेतला हे कुणालाच नक्की आठवायचं नाही. तेव्हा आम्ही नशिबाच्या भरवशावर होतो, हे मी आता स्पष्ट म्हणते.

दुसरा दिवस झाडाकडे बघण्यात गेला, आणि मला वाटतं पाच दिवसांत सर्वांत मोलाचा तोच. वर बघायच्या आधी बुडाशी बघायचं. मुळांजवळ अळिंबी उगवली आहे का, माती एका बाजूने उचलली आहे का, बुंध्यावर लाकडी हातोडा मारला तर आवाज पोकळ येतो का. बीचच्या बुडाशी कोळशाच्या पापुद्र्यासारखी काळी बुरशी दिसली तर वरून हिरवंगार झाडही मुळाशी ठिसूळ झालेलं असू शकतं. मग वरची सुकी टोकं, जुने घाव, ढोली, दोन फांद्यांच्या बेचक्यात दबलेली साल. कातळात आपण बोल्ट ठोकून अँकर बनवतो, इथे अँकर जिवंत असतो आणि तो कुठे कमकुवत आहे हे तो बाहेरून पूर्ण सांगत नाही.

अ‍ॅशचं झाड आम्हाला दाखवलं आणि त्यावर चढायचं नाही, असं सांगितलं. पूर्व आशियातून आलेल्या एका बुरशीने हे झाड शेंड्याकडून वाळत जातं. ब्रिटनमध्ये २०१२ साली तिची पहिली नोंद झाली आणि आता रस्तोरस्ती असे वाळके अ‍ॅश उभे आहेत. अशा झाडाचं लाकूड इतकं ठिसूळ होतं, की फांदी चाहूल न देता काडीसारखी मोडते. त्याचं काम बकेट असलेल्या यंत्रावरून करतात. चढता येत असूनही नाही म्हणायचं, हेही त्या दिवशी शिकवलेल्या तंत्रांपैकीच एक होतं.

मग दोर वर पोचवायचा. त्यासाठी आधी बारीक सुतळीसारखी घसरडी दोरी, दोनेक मिलिमीटर जाडीची, आणि तिच्या टोकाला छऱ्यांनी भरलेली तीनशे-साडेतीनशे ग्रॅमची पिशवी. दोन पायांमध्ये लंबकासारखी झुलवायची आणि सोडायची. बारा मीटरवरचं एक बेचकं हेरलं होतं. पहिला तास माझी पिशवी सगळीकडे गेली, त्या बेचक्यात सोडून. डोळे बेचक्यावर ठेवून हात सैल सोडायचा असतो. मी जोर लावत होते. पिशवी एकदा बारीक फांद्यांत अशी गुंतली, की सोडवायला वीस मिनिटं गेली. शेवटी बसली तेव्हा मी ओरडलेच. तिच्यामागून दोर, दोराबरोबर फांदीवर बसणारा दोन कड्यांचा पट्टा. दोर कड्यांतून पळतो, त्यामुळे साल घासून सोलत नाही आणि दोरही झिजत नाही.

अँकरची फांदी माझ्या दंडापेक्षा जाड हवी, जिवंत हवी आणि दोर शक्य तितका मुख्य खोडाला चिकटून हवा. एकेरी दोरावर चढायच्या पद्धतीत आणखी एक हिशोब आहे. दोराचं एक टोक झाडाच्या बुंध्याशी बांधून दुसऱ्या टोकावर मी चढले, तर वरच्या फांदीवर माझं ६० किलो वजन येत नाही, जवळपास १२० येतं, कारण दोराच्या दोन्ही बाजू तिला खाली ओढतात. पुलीचा हा साधा नियम आहे. पण बाराव्या मीटरवरच्या फांदीबद्दल बोलताना तो वहीतल्यापेक्षा वेगळा वाटतो.

आम्हाला सुरुवात दुहेरी फिरत्या दोराने करायला लावली. दोर अँकरवरून जाऊन परत आपल्याच हार्नेसशी येतो, आणि परतीच्या बाजूवर घर्षणाची गाठ. एक मीटर वर जायला दोन मीटर दोर ओढावा लागतो, त्या बदल्यात जोर निम्म्याच्या आसपास लागतो. गाठीत मात्र मी घरी होते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये मांडलेली गाठ आपल्याकडे प्रत्येक आरोहकाला येते. भार आला की आवळते, भार काढला की सरकते. झाडावरच्या गाठी तिच्याच नात्यातल्या. व्हाल्डोटेन नावाची गाठ सर्वांत आवडती. इटलीतल्या आओस्ता खोऱ्यावरून ते नाव आलं आहे. प्रुसिकपेक्षा ती भाराखालीही अलगद सुटते. गाठ मुठीत घेऊन जरा खाली दाबली की आपण तरंगत उतरतो. घाईने उतरलो तर घर्षणाने दोरी तापते, म्हणून गाठीची दोरी उष्णता सोसणाऱ्या धाग्याची असते. प्रत्येक वेळी चढण्याआधी जमिनीपासून हातभर उंचीवर लटकून गाठ धरते का ते पाहायचं. एकदाही न चुकता.

दोर एकच पुरत नाही, हेही नवीन होतं. सतत दोन स्वतंत्र आधार हवेत. चढताना दुसरा दोर, कामाच्या जागी पोचल्यावर लॅनयार्डही चालतो. करवत हातात असते आणि ती दोराला जुमानत नाही, एवढं एक कारण पुरेसं आहे. सुरुवातीला दोन दोरांचा गुंता सांभाळताना माझी चिडचिड झाली. तिसऱ्या दिवशी हाताची करवत ओढताना पातं फांदीतून सुटून माझ्या लॅनयार्डवर घासलं. वरचं आवरण एक सेंटिमीटरभर फाटलं, आतला गाभा दिसला. दुसरा आधार होता म्हणून मी शांतपणे खाली आले. प्रशिक्षक काही बोलले नाहीत. त्यांनी लॅनयार्डचे कात्रीने दोन तुकडे केले, म्हणजे तो पुन्हा कुणी वापरणार नाही, आणि नवीन माझ्या हातात दिला. त्या दिवसानंतर मी दोन दोरांबद्दल कुरकुर केली नाही.

सर्वांत अवघड गेलं ते आडव्या फांदीच्या टोकाकडे चालत जाणं. फांदी पुढे बारीक होत जाते आणि तुमचा अँकर मागे खोडाशी वर राहतो. दोर जितका तिरपा, तितका तो तुम्हाला वर कमी आणि मागे जास्त ओढतो. पाय सुटला तर लंबकासारखे थेट खोडावर. म्हणून अँकर उंच हवा, पाऊल आडवं हवं आणि शरीर मागे, दोरावर झुकलेलं हवं. माझ्या पायांना हे मान्यच नव्हतं. मी पुढे वाकून फांदी पकडायचे, की दोर ढिला आणि फांदी थरथरायला लागायची.

चौथ्या दिवशी दुपारी प्रशिक्षकांनी मला करवत, हातमोजे सगळं काढून ठेवायला सांगितलं. दोन्ही हात डोक्यावर ठेवून टोकाकडे जायचं, परत यायचं. हात नसले की पकडायला काही उरत नाही. दोन पावलांनंतर मी मागे झुकले, हार्नेसचा पट्टा मांड्यांवर आवळला गेला, दोर ताठ झाला आणि फांदीवरचं माझं वजन जवळजवळ नाहीसं झालं. फांदी थरथरायची थांबली. मी त्या फांदीवर उभी नव्हते, दोरावर बसले होते आणि पाय फक्त दिशा देत होते. बोटाएवढ्या जाड भागापर्यंत गेले नाही, पण आधी जिथे अडकत होते त्याच्या दीड-दोन मीटर पुढे गेले.

हात मोकळे झाल्यावर छाटणी नीट करता येते, हे नंतर लक्षात आलं. लटपटत असताना माणूस हाताला लागेल तिथे कापतो. फांदी जिथे खोडातून निघते तिथे एक फुगीर कडं असतं. ते न दुखावता, त्याच्या अगदी बाहेरून काप घ्यायचा. जड फांदी असेल तर आधी थोडं बाहेर खालून छोटा छेद, मग वरून, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नेत नाही. उरलेला खुंट शेवटी कड्याशी. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि दाखवलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही; झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती घालून त्याला कोंडतं. आपण कड्याच्या आत कापलं तर त्या भिंतीच तोडतो. याच कारणाने, जगवायच्या झाडावर पायाला टोकदार काटे बांधून चढणं इथे वर्ज्य आहे. प्रत्येक पावलागणिक सालीखालच्या जिवंत थराला एक भोक. काटे फक्त तोडायच्या झाडासाठी.

परीक्षेत चढण्यापेक्षा सुटकेचं दडपण मोठं होतं. वर एक सहकारी बेशुद्ध असल्यासारखा लटकलेला, आणि मी एकटीने त्याच्यापर्यंत जाऊन त्याला खाली आणायचं. धावायचं नाही. आधी हाक, मग मदतीसाठी फोन, मग झाड चढण्याजोगं सुरक्षित आहे का ते बघणं. माझा अँकर त्याच्यापेक्षा वर. त्याच्याजवळ पोचल्यावर त्याला माझ्या हार्नेसशी जोडायचं, त्याची गाठ डाव्या हातात, माझी उजव्या हातात, दोन्ही एकाच वेगाने सोडायच्या. दोन माणसांचा भार आणि चार दोर. तिथे कळलं, की मी आधीच दोरावर नीट बसलेली नसते तर दुसऱ्याला अंगावर घेणं शक्यच नव्हतं. परीक्षकांनी चहाचा थर्मास उघडला, तेव्हा पास झाल्याचं समजलं.

त्यानंतर दीड वर्षाने नाशिकला गेले. आईबाबांच्या सोसायटीत गुलमोहराची एक वाळकी फांदी पार्किंगवर आलेली. महापालिकेची परवानगी आलेली होती. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, आणि छाटणी करणाऱ्यानेही तो कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघावा, असं माझं मत आहे. छाटायला आले होते साठीतले एक मामा. अनवाणी, कमरेला कोयता, खांद्यावर दोर. वेंगुर्ल्याला आजोळी नारळ उतरवायला येणारे पाडेली पायांत काथ्याचा वळसा अडकवून चढायचे, तसं मामांचं पावलांचं ज्ञान होतं. चढायच्या आधी त्यांनी गुलमोहराच्या बुंध्यावर कोयत्याची मूठ तीन ठिकाणी आपटली आणि कान लावला. ग्लॉस्टरशायरला लाकडी हातोड्याने शिकवलं होतं, तेच.

पण फांदी कापताना एका हाताने झाड धरायचं आणि एका हाताने कोयता, हे बघवेना. मी त्यांना माझं सामान दाखवलं. त्यांनी कॅराबिनर तीनदा उघडून बंद केला, दोर बोटांतून फिरवून पाहिला आणि विचारलं, "पोरी, ही गाठ एका हाताने सुटते का?" सगळ्यांत आधी हाच प्रश्न विचारणारा माणूस मला इंग्लंडातही भेटला नव्हता. मी सोडून दाखवली.

त्या दिवशीची फांदी मीच उतरवली, मामा खालून दोर सांभाळत होते. काम झाल्यावर शेजारच्या कडुनिंबाच्या खालच्या जाड फांदीवरून मी दोर टाकला, माझा हार्नेस त्यांच्या मापाला सैल केला, दोन्ही आधार तपासले. जमिनीपासून पाच-सहा फुटांवर ते पोचले, पाय खोडाला टेकवले आणि दोन्ही हातांनी खोड धरून ठेवलं.

"सोडा हात," मी म्हटलं. "मामा, बसा."

त्यांनी एक हात सोडला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरा.